शेळीचे दूध आणि नत्राचा हिशेब

प्रयोगशाळेच्या अहवालात दुधातील प्रथिनांचा आकडा छापलेला असतो. परंतु तेथे प्रथिने प्रत्यक्ष मोजलेली असतातच असे नाही. बहुधा मोजले जाते ते नत्र. डेन्मार्कमधील कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत योहान केल्डाल यांनी १८८३ साली सिद्ध केलेली ही रीत आजही प्रमाण मानली जाते. दूध तीव्र गंधकाम्लात उकळावयाचे, त्यातील नत्र अमोनियाच्या रूपाने वेगळे काढून मोजावयाचे आणि आलेल्या आकड्याला ६.३८ ने गुणावयाचे. रीत चोख, गृहीतक मात्र भाबडे. दुधातील सारे नत्र प्रथिनांचेच, असे ती धरून चालते.

हे भाबडेपण केवढे महाग पडते, ते २००८ साली चीनमध्ये दिसले. पाणी घातलेल्या दुधात मेलामाइन मिसळले गेले. वजनाच्या सुमारे दोनतृतीयांश नत्र असलेला हा पदार्थ परीक्षेत प्रथिन म्हणून खपला. सुमारे ३ लाख बालके आजारी पडली. सरकारी आकड्यानुसार ६ दगावली.

शेळीच्या दुधाचा प्रश्न भेसळीचा नव्हे. पण त्यात युरियासारख्या प्रथिनेतर नत्राचा वाटा गाईच्या दुधाहून सामान्यतः अधिक असतो. म्हणजे कोणी लबाडी न करताही आकडा फुगतो! उपाय अवघड नाही. ट्रायक्लोरोअॅसेटिक आम्लाने प्रथिने साकळवून दूध गाळावे, गाळलेल्या द्रवातील नत्र मोजावे व ते एकूण नत्रातून वजा करावे. उरते ते प्रथिनांचे नत्र. अवरक्त किरणांची यंत्रे झटपट उत्तर देतात खरी. परंतु गाईच्या दुधावर जुळविलेले यंत्र शेळीच्या दुधाला तसेच लावणे म्हणजे दुसऱ्याच्या मापाचा अंगरखा चढविणे होय.

महाराष्ट्रात उस्मानाबादी वा संगमनेरी शेळी पाळणारे कुटुंब बहुधा अल्पभूधारक किंवा भूमिहीन असते. मांसासाठी बोकड विकला जातो, दूध बरेचसे घरच्या मुलांच्या पोटी जाते. त्या मुलांचा आहार कागदावर आखणारे ‘प्रथिने’ या रकान्यावर विसंबतात. दूध विकावयास नेले, तरी भाव ठरतो तो स्निग्धांश व स्निग्धेतर घनपदार्थ यांवर. त्यात दुग्धशर्करा आणि क्षारही प्रथिनांबरोबर एकाच तागडीत पडतात. गरिबाची गाय म्हणून शेळीचे कौतुक पुष्कळ झाले. आता तिच्या दुधाच्या अहवालात एकूण नत्रावरून काढलेला आकडा आणि खऱ्या प्रथिनांचा आकडा असे दोन रकाने स्वतंत्र छापावयास हवेत, आणि तपासणीची यंत्रे शेळीच्याच दुधाच्या नमुन्यांवर जुळवून घ्यावयास हवीत.