काळा धूर म्हणजे ताकद नव्हे!

निगडीच्या ट्रान्सपोर्ट नगरीतून एखादा जुना ट्रक काळा धूर सोडत निघाला, की आपल्यातला कोणीतरी म्हणतोच, "काय दम आहे राव!" पण तो धूर म्हणजे नीट न जळलेलं डिझेल. मालकाचे पैसे हवेत आणि काजळी आपल्या छातीत!

टेल्कोचं, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सचं, जुनं ६९७ इंजिन घ्या. नावातच माप आहे: ६ सिलिंडर, ९७ मिमी बोअर. स्ट्रोक १२८ मिमी. गणित करा, ५६७५ सीसी येईल. आज एवढ्याच मापाची इंजिनं जास्त हॉर्सपॉवर देतात, तीही कमी धुरात.

मग जुन्याचं मोठेपण कशात? घाटात बंद पडलं, तर फिटर पाने घेऊन यायचा, डिझेल लाइनमधली हवा काढायचा आणि गाडी चालू! २०२० नंतरच्या बीएस-६ ट्रकपुढे तोच हुशार फिटर स्कॅनरवाचून हतबल होतो.

जुनी इंजिनं जाणार, जाऊ देत. एखादं आपल्या वर्कशॉपमध्ये उघडून ठेवावं. पण उद्या चाकणला नोकरी लागली, की नवं इंजिन डिझाइन करताना त्या फिटरला विसरू नका. खरा दम तिथे आहे!