जोडलेल्या फोटोत झाड हरवतं. आधी खुणेची काठी रोवा



सध्या शेतीच्या प्रत्येक ग्रुपवर एक नवी पद्धत पडलीय. धुऱ्यावर उभं राहायचं, मोबाईल पॅनोरमावर टाकायचा, या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचा आणि खाली लिहायचं, "सल्ला द्या." मोसंबीची फळगळ असो, कपाशीतली मर असो, नाहीतर पाण्यात बसलेलं सोयाबीन. लांबलचक फोटो दिसतो झकास. पण माझं मत सरळ आहे. तो फोटो कसा जोडलाय हे कळल्याशिवाय त्यावर कुणी सल्ला देऊ नये आणि घेऊही नये.

आधी हे जोडकाम चालतं कसं ते बघा. सॉफ्टवेअरला झाड कळत नाही, रांग कळत नाही. ते शेजारच्या दोन फोटोंत सारखे दिसणारे ठिपके शोधतं आणि ते एकमेकांवर बसवतं. शहरातल्या इमारतीत खिडक्या, पाट्या, कोपरे वेगवेगळे असतात, तिथं जुळणी सोपी जाते. आपल्या वावरात काय? कपाशीचं एक झाड दुसऱ्यासारखं, एक तास दुसऱ्यासारखं. सहा बाय सहा मीटरवर लावलेल्या मोसंबीत हेक्टरी 277 झाडं, सगळी एका अंतरावर. सॉफ्टवेअर पाचव्या झाडाचा ठिपका सहाव्यावर बसवतं आणि एक झाड गायब. कधी उलटं होतं, एकच झाड दोनदा येतं. फोटोत शिवण कुठं दिसत नाही, म्हणून आपण विश्वास ठेवतो.

दुसरी भानगड चालत फोटो काढण्याची. पॅनोरमाचं सॉफ्टवेअर धरून चालतं की माणूस एका जागी उभा राहून वळलाय. आपण धुऱ्यानं चालत गेलो की जवळचं झाड झपकन मागं सरकतं, लांबचं लिंबाचं झाड जागचं हलत नाही. एसटीच्या खिडकीतून दिसतं तसंच. मग जुळणी होणार कशी? ठिबकची नळी मध्येच तुटलेली दिसते, खोड दुभंगतं.

तिसरी गोष्ट कृषी सहायक आणि सल्लागार मंडळींनी जास्त ध्यानात घ्यावी. जोडताना सॉफ्टवेअर उजेड आणि रंग सारखे करून घेतं. ढग आला, एक फोटो काळसर आला, तर ते त्याला उजळतं. आपल्याकडच्या चुनखडीच्या जमिनीत लोहाच्या कमतरतेनं मोसंबीची कोवळी पानं पिवळी पडतात. तो पिवळेपणा किती खरा आणि किती सॉफ्टवेअरनं केलेला, हे जोडलेल्या फोटोवरून सांगता येत नाही. पानाचा रंग बघायचा तर मूळ फोटोच बघा.

मग पॅनोरमा काढूच नये का? काढा की. पूर्ण वावराचं चित्र एका नजरेत त्यातच येतं. फक्त रीत पाळा.

एका जागी उभे राहा. मोबाईल उभा धरा. भिंगाच्या बरोबर खाली येईल अशी सुतळी बांधून तिला नट लोंबवा, गवंड्याच्या ओळंब्यासारखा. खाली दगड ठेवा आणि नट त्या दगडावरून न हलता मोबाईल फिरवा. म्हणजे वळतो तो कॅमेरा. आपण त्याच्याभोवती फिरायचं. प्रत्येक फोटोत मागच्या फोटोचा तिसरा हिस्सा यायला हवा. साध्या मोबाईलवर वावराच्या कोपऱ्यातून तीन-चार फोटोंत काम होतं, अर्ध्या गोलाला पाच-सहा लागतात. स्क्रीनवर बोट दाबून उजेड लॉक करा. वारा सुटायच्या आत, सकाळी काढा. हलणाऱ्या पानावर जुळणी टिकत नाही.

आणि मुख्य म्हणजे खुणा. दोन फोटो जिथं एकमेकांवर येतात, तिथं वेगवेगळ्या रंगाच्या चिंध्या बांधलेल्या काठ्या रोवा. 24 एप्रिल 2020 ला स्वामित्व योजना आली, गावोगाव ड्रोननं गावठाणाची मोजणी झाली, तेव्हा आधी घरांच्या हद्दीवर चुन्याची फक्की मारली होती. वरून हद्द ओळखू यावी म्हणूनच ना? मोठ्या मोजणीला खूण लागते, मग आपल्या वावराला का नको?

संगणक असेल तर हगिन नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. त्यात जुळणीचे ठिपके आपण हातानं देऊ शकतो. ठिपका द्यायचा तो काठीवर, विजेच्या खांबावर, विहिरीच्या कठड्यावर, व्हॉल्व्हवर. ढगावर, सावलीवर, पानावर नाही. प्रत्येक ठिपका किती पिक्सेल चुकला ते सॉफ्टवेअर सांगतं. जो फार चुकला तो काढून टाका आणि पुन्हा जुळवा.

कुणी म्हणेल, शेतकऱ्यानं शेती करायची की हे उपद्व्याप? बरोबर आहे, रोज नकोच. पण बाग ठेवायची की उपटायची, नांग्या किती भरायच्या, नुकसान किती झाडांचं, असे प्रश्न असतात तेव्हा एकेक झाड मोजलं जातं. मोसंबी फळावर यायला चार-पाच वर्षं जातात. तो निर्णय तुटक्या शिवणीच्या फोटोवर सोडायचा नसतो.

म्हणून माझा आग्रह दोघांना आहे. शेतकऱ्यांनी जोडलेल्या फोटोबरोबर मूळ फोटो, रांगेचा नंबर आणि हातानं मोजलेली झाडं पाठवावीत. फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर व्हॉट्सअॅप तो दाबून बारीक करतं. आणि सल्ला देणाऱ्यांनी मूळ फोटो मागितल्याशिवाय औषधाचं नाव लिहू नये. तेही नसेल तर सरळ म्हणावं, "बागेत येऊन बघतो."