औषध दारापर्यंत पोहोचले, आपण पोहोचलो का?

दरवर्षी १ डिसेंबर रोजी जगभर जागतिक एड्स दिन पाळला जातो. १९८८ साली सुरू झालेल्या या दिवसाचे एके काळी मोठे गांभीर्य होते. वृत्तपत्रांची पाने भरत, शाळांतून फेऱ्या निघत, व्याख्याने होत. आता तो दिवस लाल फितीच्या एखाद्या छायाचित्रावर भागतो. याचे एक कारण आनंदाचे आहे. एड्सने होणारे मृत्यू पुष्कळ घटले आहेत आणि २०१० च्या तुलनेत २०२३ पर्यंत भारतातील नव्या संसर्गांचे वार्षिक प्रमाण सुमारे ४४ टक्क्यांनी कमी झाले आहे. परंतु रोग संपलेला नाही. २०२३ च्या राष्ट्रीय अंदाजानुसार आपल्या देशात सुमारे २५ लाख लोक एचआयव्हीसह जगत आहेत आणि राज्यवार संख्येत महाराष्ट्र सर्वांत पुढे आहे.

याचा अर्थ सरळ आहे. ही माणसे दूर कोठे नाहीत. ती आपल्या गावात राहतात, आपल्याबरोबर लोकलने प्रवास करतात, रविवारी आपल्या शेजारच्या बाकावर बसून मिस्सा ऐकतात. ती आपल्याला ठाऊक नाहीत, कारण त्यांनी आपल्याला सांगितलेले नाही. त्यांनी का सांगितले नाही, हा प्रश्न आम्हांला महत्त्वाचा वाटतो. गेल्या चार दशकांतील संशोधनाकडे या प्रश्नाच्या अंगाने पाहिले, तर त्यात विषाणूइतकीच आपल्या समाजाचीही तपासणी झालेली दिसते.

पुण्याने दिलेला धडा

१९८६ साली चेन्नईत डॉ. सुनीती सॉलोमन व त्यांच्या सहकाऱ्यांच्या संशोधनातून भारतातील पहिले एचआयव्हीबाधित उजेडात आले. त्या स्त्रिया देहविक्रय करणाऱ्या होत्या. त्यामुळे हा रोग ‘त्या’ लोकांचा, आपल्या घरांशी त्याचा संबंध नाही, अशी समजूत देशभर घट्ट झाली. १९९२ मध्ये पुण्यात राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था स्थापन झाली आणि तेथील डॉ. रमण गंगाखेडकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासाने या समजुतीला तडा दिला.

पुण्यातील गुप्तरोग उपचार केंद्रांत आलेल्या स्त्रियांची त्यांनी तपासणी केली. त्यांपैकी ५२५ स्त्रिया देहविक्रय करणाऱ्या नव्हत्या. तरीही त्यांच्यापैकी १३.६ टक्के स्त्रियांना, म्हणजे दर सात जणींमागे जवळपास एकीला, एचआयव्हीची लागण झालेली आढळली. त्यांत आपल्या पतीशी एकनिष्ठ राहिलेल्या विवाहित स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या. त्यांचा धोका त्यांच्या वर्तनात नव्हता, पतीच्या वर्तनात होता.

हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला त्या सुमारास आम्ही नुकतेच धर्मगुरू झालो होतो. एड्स ही पापाची शिक्षा आहे, असे वाक्य त्या काळी प्रवचनांतून सहज ऐकू येई आणि ऐकणारे मान डोलावीत. अशाच दिवसांत एका तरुण विधवेच्या अंत्यविधीला आम्ही गेलो होतो. रुग्णालयाने मृतदेह प्लास्टिकमध्ये गुंडाळून दिला होता. शवपेटीला खांदा देण्यास चार माणसे मिळेनात. नातेवाईक फाटकाबाहेर उभे होते. तिच्या सासूने आम्हांला हळूच विचारले, “फादर, हिने काय केले होते हो?” आमच्यापाशी उत्तर नव्हते. तिने काहीही केले नव्हते, असे त्या फाटकाशी मोठ्याने सांगण्याचे धैर्यही आम्हांला झाले नाही. पुण्याचा अभ्यास पुढे वाचनात आला, तेव्हा त्या प्रश्नाचे उत्तर आम्हांला मिळाले. आमचे मौन मात्र आजही आम्हांला बोचते.

उपचाराची वाटचाल

एचआयव्ही हा विषाणू शरीराचे रक्षण करणाऱ्या पेशींत शिरून आपल्या प्रती तयार करतो व त्या पेशींचा नाश करतो. औषधे ही प्रती काढण्याची क्रिया रोखतात. मात्र काही विषाणू पेशींत सुप्त राहतात. म्हणून गोळ्या आयुष्यभर व नियमित घ्याव्या लागतात. त्या थांबवल्या तर विषाणू पुन्हा डोके वर काढतो आणि अधूनमधून घेतल्या तर तो औषधांना दाद देईनासा होतो.

१९९४ साली अमेरिका व फ्रान्समधील एका चाचणीने दाखवून दिले, की गर्भवती मातेला व नवजात बाळाला औषध दिल्यास बाळाला लागण होण्याचे प्रमाण सुमारे दोनतृतीयांशाने कमी होते. १९९६ पासून तीन औषधे एकत्र देण्याचा उपचार रूढ झाला, परंतु त्याचा वर्षाचा खर्च दहा हजार डॉलरच्या पुढे होता. २००१ साली मुंबईच्या सिप्ला कंपनीने तीच औषधे वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केली आणि गरीब देशांसाठी दार उघडले. १ एप्रिल २००४ पासून भारत सरकारने मोफत उपचार सुरू केले. २०१७ पासून निदान होताच प्रत्येक रुग्णाला उपचार, हे धोरण स्वीकारले गेले.

यामागे ज्या अभ्यासांचे बळ होते, त्यांतील एक पुण्याशीही जोडलेला आहे. नऊ देशांतील १,७६३ जोडप्यांनी त्यात भाग घेतला. पुणे व चेन्नई येथील जोडपीही त्यांत होती. प्रत्येक जोडप्यातील एक जण बाधित, तर दुसरा निरोगी होता. काहींना तत्काळ औषधे दिली गेली, तर काहींना त्या काळच्या नियमानुसार उशिरा. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत जोडीदाराकडूनच लागण झाल्याची २८ प्रकरणे आढळली. त्यांपैकी २७ उशिरा औषध मिळालेल्या गटातील होती आणि तत्काळ औषध मिळालेल्या गटातील केवळ एक. पुढे युरोपात झालेल्या अभ्यासांनी, २०१६ व २०१९ मध्ये, हे अधिक पक्के केले. नियमित औषधांमुळे रक्तातील विषाणूंचे प्रमाण चाचणीत दिसणार नाही इतके खाली गेले, की त्या व्यक्तीकडून जोडीदाराला लैंगिक संबंधातून लागण होत नाही.

वाचक बंधुभगिनींनी या वाक्यावर क्षणभर थांबावे, अशी आमची विनंती आहे. ज्या माणसाच्या हातचे पाणी आपण नाकारले, त्याच्याकडून पाण्याने, स्पर्शाने, एका ताटात जेवल्याने, डासाने वा शांतीचिन्हाच्या हस्तांदोलनाने लागण कधीच होत नव्हती. आता तर नियमित औषध घेणारा पती पत्नीलाही लागण देत नाही आणि मातेवर वेळेत उपचार झाल्यास तिचे बाळ बहुतांशी निरोगी जन्मते.

मग अडते कोठे?

औषध मोफत असूनही काही जण चाचणीला जात नाहीत, तर काही जण मध्येच उपचार सोडतात. कारणे पुन्हा पुन्हा तीच पुढे येतात. केंद्र दूर असते, एक दिवसाची मजुरी बुडते आणि रांगेत ओळखीचे कोणी पाहील ही भीती असते. पहिल्या दोन अडचणींवर सरकार उपाय करू शकते. तिसरी अडचण आपण निर्माण केलेली आहे.

मुंबई व बंगळूर येथील डॉक्टर, परिचारिका व वॉर्डमधील कर्मचारी यांच्याविषयीचा एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. रोग्याला दोष देण्याची व त्याला वेगळे वागवण्याची वृत्ती या शिकलेल्या मंडळींतही मोठ्या प्रमाणात आढळली. वैद्यकीय शिक्षण घेतलेल्यांची ही स्थिती, तर इतरांविषयी काय सांगावे? केवळ माहितीने मन बदलत नाही, हे यातून दिसते.

कायद्याने आपले काम केले आहे. २०१७ चा एचआयव्ही व एड्स प्रतिबंध व नियंत्रण अधिनियम १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. नोकरी, शाळा, उपचार, भाड्याचे घर यांबाबत भेदभाव करण्यास त्यात मनाई आहे. संमतीवाचून चाचणी करता येत नाही आणि एखाद्याची स्थिती उघड करता येत नाही. आपल्या शाळा, रुग्णालये व वसतिगृहांनाही तो लागू आहे. तो सर्व विश्वस्तांनी वाचला आहे काय?

शिक्षणाच्या बाबतीत आपला इतिहास फारसा अभिमानास्पद नाही. २००७ साली किशोरवयीनांसाठीच्या शिक्षण कार्यक्रमाला अनेक राज्यांत विरोध झाला, त्यांत महाराष्ट्रही होता. पुस्तिकांतील काही चित्रे व भाषा यांवरील आक्षेप समजण्यासारखे होते. परंतु आक्षेप घेतल्यानंतर योग्य भाषेत योग्य माहिती देण्याची जबाबदारी पालकांनी, शिक्षकांनी आणि आम्ही धर्मगुरूंनी किती उचलली? प्रतिबंधक साधनांबाबत ख्रिस्तसभेची नैतिक शिकवण आपल्याला माहीत आहे. विवाहपूर्व संयम आणि विवाहातील निष्ठा ही मूल्ये आम्ही शिकवतो व शिकवीत राहू. पण पुण्याच्या त्या स्त्रिया निष्ठावंतच होत्या. निष्ठेचा उपदेश स्त्रियांना करून पुरुषांपुढे गप्प बसणाऱ्या समाजात तो उपदेश अपुराच ठरतो.

आपल्या धर्मग्रामात काय व्हावे?

१९८७ साली सॅन फ्रान्सिस्को येथे पोप जॉन पॉल दुसरे यांनी एड्सग्रस्तांची भेट घेतली व देव कोणताही भेद न करता सर्वांवर प्रीती करतो, असे सांगितले. मदर तेरेसांनी १९८५ च्या नाताळच्या पूर्वसंध्येला न्यूयॉर्कमध्ये एड्सच्या रुग्णांसाठी घर उघडले. भारतीय बिशपांनी २००५ साली एचआयव्हीविषयीचे धोरण जाहीर केले. दिशा दाखवली गेलेली आहे. चालणे बाकी आहे.

आमच्या मते तीन गोष्टी तातडीच्या आहेत. पहिली गोष्ट विवाहपूर्व मार्गदर्शन शिबिरांची. जन्मतः बाधित असलेली व २००४ नंतरच्या औषधांवर वाढलेली मुले आता विशीत आहेत. आपल्याला लग्न करता येईल का, मूल होईल का, असे ती विचारतात. भावी जोडीदाराला सत्य सांगणे हे त्यांचे कर्तव्यच होय. परंतु ते सत्य ऐकणाऱ्यालाही आज विज्ञान काय म्हणते, हे ठाऊक हवे. यासाठी एक सत्र डॉक्टरांना द्यावे.

दुसरी गोष्ट गोपनीयतेची. कोणी आपल्याला विश्वासाने काही सांगितले, तर ते प्रार्थनेच्या निमित्तानेही चारचौघांत जाऊ नये. धर्मग्रामातील सेवाभावी गटांनी हा नियम काटेकोर पाळावा.

तिसरी गोष्ट सोबतीची. महिन्याचे औषध आणायला जाणाऱ्या माणसाला प्रवासखर्च, बुडालेल्या मजुरीची भरपाई किंवा त्या दिवशी मुलांकडे पाहणारे कोणी लागते. संत व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीसारख्या संघटना आपल्या धर्मग्रामांत हेच काम इतर रुग्णांसाठी करतात. या रुग्णांसाठीही ते व्हावे.

२०२४ साली दक्षिण आफ्रिका व युगांडातील एका चाचणीत सहा महिन्यांतून एकदा घेण्याचे नवे प्रतिबंधक इंजेक्शन मिळालेल्या दोन हजारांहून अधिक तरुण स्त्रियांपैकी एकीलाही लागण झाली नाही. विज्ञान आणखी पुढे जाईल. पण इंजेक्शन घेण्यासाठीही कोणीतरी घराबाहेर पडून दवाखान्यात जावे लागते आणि तेथे जाताना शेजाऱ्यांची भीती वाटता कामा नये. त्या सासूने विचारलेला प्रश्न पुन्हा कोणी विचारला, तर या वेळी आपण फाटकाशी गप्प उभे राहू नये, एवढेच आमचे सांगणे आहे.