खोक्यावरचा फुसका बार

सोयाबीन निघाले, कापसाची पहिली वेचणी सुरू झाली आणि दिवाळीची झाडलोट तोंडावर आली, की अलीकडे घरोघरी एका यंत्राचा विषय निघतो. ओटा, जिना, शेवाळलेली फरशी, दुचाकी, झालेच तर ट्रॅक्टरची चाके असे सगळे धुऊन काढणारा विजेवरचा प्रेशर वॉशर. मोबाईलवर पाहिले तर पाच-सहा हजारांपासून पंधरा-वीस हजारांपर्यंत डझनभर मशिनी दिसतात आणि प्रत्येकीच्या खोक्यावर ठळक अक्षरांत एकच गोष्ट असते: 120 बार, 150 बार, 200 बार. जितका आकडा मोठा तितके मशीन दणकट, असा गिऱ्हाइकाचा समज होतो आणि विकणाऱ्यालाही तोच हवा असतो. सिंदखेडराजा-मेहकर रस्त्यावरच्या दुसरबीडसारख्या गावात हा समज महागात पडतो. इथे मशीन बंद पडले तर कंपनीचा माणूस दारात येत नाही. ते पोत्यात बांधून जालना किंवा छत्रपती संभाजीनगर गाठावे लागते. म्हणून इथल्या माणसाने बारचा आकडा सगळ्यात शेवटी वाचावा. आधी आपल्या घरची वीज बघावी, टाकीचे पाणी बघावे आणि त्या मशिनीचे सुटे भाग कुठे मिळतात ते विचारावे. मशीन टिकणार की नाही ते इथेच ठरते.

खोक्यावरच्या आकड्यावर विश्वास का ठेवू नये, याचा हिशेब दुकानात उभ्या उभ्या करता येतो. खोक्यावर तीन आकडे असतात: दाब बारमध्ये, पाणी मिनिटाला किती लिटर, आणि मोटर किती वॅटची. बार आणि लिटर यांचा गुणाकार करून त्याला 600 ने भागले की पाण्याच्या धारेला लागणारी शक्ती किलोवॅटमध्ये मिळते. समजा, खोक्यावर 150 बार, 8 लिटर आणि 1500 वॅट असे लिहिले आहे. 150 गुणिले 8 म्हणजे 1200, भागिले 600 म्हणजे 2 किलोवॅट. दीड किलोवॅट वीज खाऊन दोन किलोवॅटचे काम करणारे यंत्र अजून कुणी बनवलेले नाही. उलट मोटर आणि पंप मिळून बराच हिस्सा उष्णतेत घालवतात. दीड हजार वॅटच्या मशिनीतून हजार वॅटचे काम मिळाले तरी चांगले म्हणायचे. म्हणजे मिनिटाला 6 लिटर पाणी आणि 100 बार दाब, फार तर थोडे पुढे. मग खोक्यावरचे 150 बार खोटेच का? दर वेळी अगदी खोटे नसतात. तो क्षणभर मिळणारा सर्वाधिक दाब असतो आणि लिटरचा आकडा धार मोकळी सोडल्यावरचा असतो. दोन्ही एकाच वेळी मिळत नाहीत, एवढेच खोक्यावर लिहायचे राहून जाते. चांगल्या कंपन्या काम करतानाचा दाब आणि कमाल दाब वेगवेगळा छापतात. तसे दोन आकडे जिथे आहेत, तिथे निदान सांगणाऱ्याची नियत तरी बरी आहे असे धरायला हरकत नाही.

आता मोटर. स्वस्त आणि हलक्या मशिनींत कार्बन ब्रशची मोटर असते, मिक्सर किंवा ड्रिल मशीनमध्ये असते त्याच जातीची. ती मिनिटाला दहा हजारांहून जास्त फेरे घेते, कानठळ्या बसवते आणि तिचे कार्बन झिजतात. महागड्या, वजनदार मशिनींत इंडक्शन मोटर असते; फेरे अडीच-तीन हजारांच्या आत, आवाज कमी, कार्बन नाहीत. शहरातला जाणकार डोळे मिटून इंडक्शन घ्या म्हणेल. आपल्याकडे मात्र आधी घरातले व्होल्टेज मोजावे लागते. महावितरणचा नियम 230 व्होल्टचा, सहा टक्के इकडे-तिकडे. पण लाईनच्या टोकावरच्या घरात संध्याकाळी पंख्याची गती काय होते ते सगळ्यांना ठाऊक आहे. इंडक्शन मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. 230 ऐवजी 180 मिळाले तर जोर जेमतेम 61 टक्के उरतो. पंप मात्र तेवढाच नेट मागतो. मग मोटर घूं घूं करते, जास्त करंट ओढते, तापते आणि शेवटी वायंडिंग जाते. ब्रशवाली मोटर अशा वेळी नुसती मंदावते, धार ढिली पडते, पण ती निभावून नेते. तरीही एकूण तोलून मी इंडक्शनच्याच बाजूने आहे, आणि त्याचे कारण शेतात आहे. विहिरीवरच्या आणि बोअरच्या मोटरी इंडक्शनच्याच असतात. त्या भरणारे कारागीर तालुक्यात कुठेही सापडतात, त्यांना ही जात नवी नाही. घरात भर दुपारी 210 च्या वर व्होल्टेज मिळत असेल तर इंडक्शन घ्यावी आणि संध्याकाळी ती चालवू नये. त्याहून कमी मिळत असेल तर ब्रशवाली बरी; पण कार्बन बदलायची टोपी बाहेरून उघडते की सगळे मशीन खोलावे लागते, हे बघून घ्यावे.

विजेचा मामला इथे संपत नाही. 1600 वॅट म्हणजे जवळपास 7 अँपियर. पंख्या-दिव्याच्या 6 अँपियरच्या पिनेत हे मशीन लावायचे नसते, त्याला फ्रिज-गिझरचा 16 अँपियरचा सॉकेट आणि नीट अर्थिंग लागते. हातात पाणी, पायाखाली पाणी, अशा वेळी अर्थिंग नसलेले घर आणि गळतीला वीज तोडणारा स्विच नसलेला बोर्ड, म्हणजे जिवाशी खेळ. लग्नाच्या मांडवात वापरतात तसली बारीक वायर जोडून मशीन अंगणाच्या टोकाला नेले की दहा-बारा व्होल्ट वायरीतच खर्ची पडतात आणि वायर गरम होते. वायर लांब लागणारच असेल तर अडीच स्क्वेअर एमएमची तांब्याची घ्यावी आणि गुंडाळी पूर्ण सोडवून वापरावी. घरच्या साध्या इन्व्हर्टरवर तर हे मशीन लावूच नये.

पाण्याची बाजू याहून नाजूक आहे. जर्मनीच्या कार्चर कंपनीने 1984 मध्ये घरगुती, उचलून नेता येईल असा पहिला प्रेशर वॉशर बाजारात आणला, तो ज्या घरांसाठी होता तिथे नळ सोडला की दाबाने, गाळलेले, गार पाणी येते. आजही बहुतेक मशिनींची रचना तेच गृहीत धरते. आपल्याकडे नळ येतो तो ठरलेल्या वेळी, एरवी पाणी टाकीत, ड्रममध्ये नाही तर हौदात. छतावरच्या टाकीतून तीन मीटर खाली आलेल्या पाण्याला फार तर 0.3 बार दाब असतो. त्यातही अर्ध्या इंची पाइपाला चार वळणे. पंपाला पाणी कमी पडले की तो आत पोकळ फिरतो, खडखडतो आणि त्याची सील खराब होतात. वॉरंटीत हे बसत नाही. म्हणून खरेदीला जाण्याआधी दहा लिटरची बादली नळाखाली ठेवावी आणि घड्याळ बघावे. बादली सव्वा मिनिटाच्या आत भरली तर मिनिटाला 8 लिटर मिळतात, काम भागते. त्याहून वेळ लागला तर बादलीतून किंवा ड्रममधून स्वतः पाणी ओढणारेच मशीन मागावे, आणि नळीच्या तोंडाला जाळी व उलट न जाऊ देणारा व्हॉल्व्ह आहे ना, हे हात लावून पाहावे. बोअरचे क्षाराचे पाणी असेल तर नोझल आणि व्हॉल्व्हवर पांढरा थर बसतो, विहिरीच्या पाण्यातली बारीक रेती सील कातरते. गाळणी दर वेळी काढून धुवावी. आणि एक गोष्ट माहितीपत्रकात बारीक टायपात असते: आत येणारे पाणी 40 अंशांपेक्षा गरम नको. वैशाखात दुपारी दोन वाजता छतावरच्या काळ्या टाकीतले पाणी हात पोळवते. उन्हाळ्यात धुणे पहाटेच, दुसरा उपाय नाही.

यावर शेतकऱ्याचा पहिला आक्षेप ठरलेला: एवढे नखरे कशाला, फवारणीचा एचटीपी पंप आहे की! आक्षेप रास्त आहे. एचटीपीचा दाब वीस-तीस बारच्या घरात, पण पाणी भरपूर, आणि त्याचे वॉशर कुणीही बदलून देतो. ट्रॅक्टरच्या चाकात रुतलेली आपली काळी चिकण माती दाबाने फारशी निघत नाही. ती आधी भिजवावी लागते, मग भरपूर पाण्याने ती ढेकळासकट सुटते. ज्याच्याकडे ट्रॅक्टर, रोटाव्हेटर आणि एचटीपी तिन्ही आहेत, त्याने घरगुती वॉशरच्या फंदात पडू नये, असेच माझे मत आहे. फक्त औषधाचा हौद आणि नळी त्या कामाला वापरू नये. विषाचा अंश ओट्यावर नको. वॉशर हे शेवाळ, फरशीच्या सांधी, जाळीचे दार, दुचाकी यांचे हत्यार आहे. त्यातही दुचाकीच्या चाकाचे बेअरिंग, चेन आणि वायरींचे जोड यांवर जवळून धार मारली तर पाणी आत शिरते आणि ग्रीस बाहेर येते. टायरपासून हातभर लांब राहावे. मातीच्या, चुन्याच्या भिंतीला तर धार दाखवूच नये. आणि 100 बारची बारीक धार जवळून कातडी फोडून आत जाते, तेव्हा गन मुलांच्या हातात द्यायची वस्तू नव्हे.

दुसरा आक्षेप पाण्याचा. ज्या जिल्ह्यात उन्हाळ्यात टँकर धावतात, तिथे ही चैन कशाला? इथे उत्तर उलटे आहे. साधी अर्ध्या इंची नळी सताड सोडली तर मिनिटाला पंधरा-वीस लिटर सहज वाहतात, वॉशरला 6 ते 7 लागतात आणि गनचा खटका सोडला की धार थांबते. दहा मिनिटांत साठ-सत्तर लिटर. बादली आणि फडक्याने दुचाकी याहून कमी पाण्यात पुसून निघते, हे खरेच. पण शेवाळलेला जिना निघत नाही. मात्र मशीन आहे म्हणून दर रविवारी अंगण धुवायचे, ही सवय लागली तर हिशेब कोलमडतो, आणि त्याला यंत्र जबाबदार नाही.

तिसरे म्हणणे असे की नामांकित कंपनीचे घेतले की चिंता मिटली. निम्मे खरे. मोठ्या कंपनीचे माहितीपत्रक प्रामाणिक असते आणि सुटा भाग निदान यादीत सापडतो. पण वॉरंटी घरगुती वापराची असते; त्याच मशिनीवर चार लोकांच्या गाड्या पैसे घेऊन धुतल्या तर ती संपते. पंपाचे डोके पितळेचे, ॲल्युमिनियमचे की प्लॅस्टिकचे, हे ब्रँडच्या नावावरून कळत नाही, विचारावेच लागते. दुकानदाराला सीलचा संच, गन, नळी आणि नोझल यांचे भाव विचारावेत, आणि ते मागवले तर किती दिवसांत येतात तेही. मग बादलीत नळी टाकून मशीन तिथेच चालवून बघावे. खटका सोडला की मोटर थांबली पाहिजे आणि दोन मिनिटे गप्प राहिली पाहिजे. मध्येच कुणी हात न लावता ती झटका देऊन सुरू झाली तर आत कुठे तरी दाब गळतो आहे. ते मशीन परत ठेवून दुसरे उघडायला सांगावे. बिल पक्के घ्यावे आणि त्यावर मशिनीचा नंबर लिहून घ्यावा, कारण जालन्याच्या काउंटरवर पहिली विचारणा त्याचीच होते.