सिझरनंतर घरी बाळंतपण? आधी तिचं ऐकून घ्या

पहिलं सिझर झालेली बाई दुसऱ्यांदा गरोदर राहिली आणि 'या वेळी घरीच बाळंत होईन' म्हणाली, की आमच्या यंत्रणेत धावपळ सुरू होते. आशाताई समजावतात, एएनएम रागावतात, मग वैद्यकीय अधिकारी गावात जातात. तरीही ती ऐकत नसेल तर सरपंचांकडून निरोप जातो. बाळाचा जन्मदाखला मिळणार नाही, असा धाकही कुणीतरी दाखवतं. (तो धाक सपशेल खोटा आहे. घरी जन्मलेल्या बाळाचीही नोंद होते आणि दाखला मिळतो.) एवढं झाल्यावर ती पुढच्या तपासणीला येतच नाही. माहेरी निघून जाते, आणि माहेर छत्तीसगडच्या हद्दीत असेल तर आमच्या यादीतूनच नाहीशी होते. कळा सुरू होतात तेव्हा ती कुठे आहे हे कुणालाच ठाऊक नसतं.

माझं वैद्यकीय मत आधी सांगतो. सिझर झालेल्या बाईने घरी बाळंत होऊ नये. पण माझं न ऐकणाऱ्या बाईला वाऱ्यावर सोडावं, असा त्याचा अर्थ होत नाही.

धोका नेमका किती, हे तिला खरं खरं सांगायला हवं. गर्भाशयाला खालच्या भागात आडवा छेद घेऊन एकच सिझर झालं असेल, तर पुढच्या वेळी कळा येताना तो व्रण फाटण्याची शक्यता साधारण 200 बायकांत एक अशी असते. दहापैकी सहा ते आठ जणी नैसर्गिकरीत्या बाळंत होतात. 'मरशील' हा शब्द ऐकून तिला शेजारची, सिझरनंतर घरीच सुखरूप बाळंत झालेली वहिनी आठवते आणि आमच्यावरचा विश्वास उडतो. म्हणून आकडा लपवू नये. तो सांगून झाला की उरलेल्या एकीचं काय होतं तेही सांगावं. व्रण फाटला की पोटात रक्तस्राव सुरू होतो आणि बाळाचा प्राणवायू तुटतो. बाळाला वाचवायला हातात काही मिनिटं असतात, आईला वाचवायला त्याहून थोडी जास्त. शस्त्रक्रियागृह, भूलतज्ज्ञ आणि रक्त एकाच छताखाली असलं तरच ती मिनिटं पुरतात.

परदेशात काही स्त्रिया सिझरनंतर घरी बाळंतपण निवडतात, असं वाचायला मिळतं. तिथे प्रशिक्षित मिडवाइफ घरी येते आणि मोठं रुग्णालय बहुधा जवळच असतं. भामरागड तालुक्यातून गडचिरोलीचं रुग्णालय गाठायला दीडशे किलोमीटरहून अधिक रस्ता कापावा लागतो. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटणं आपण वर्षानुवर्षं पाहत आलो आहोत. जिवतीच्या डोंगरावरच्या कोलाम गुड्यांतून खाटेवर बाई खाली आणायची तर निम्मा दिवस तिथेच जातो. तिकडचा दाखला इकडे चालत नाही.

मग ती घरीच का म्हणते? तिला विचारलं तर उत्तरं सरळ असतात. दवाखान्यात तिची माडिया कुणाला कळत नाही. पहिल्या वेळी का कापलं, हे कुणी सांगितलं नाही. सासूला आत येऊ दिलं नाही. टाके दुखत असतानाच धानाच्या बांधीत उतरावं लागलं. आणि सगळ्यात मोठं कारण म्हणजे 'तिथे गेले की पुन्हा कापणार.' ही भीती खोटी नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातली चारातली एक बाळंतीण सिझरची होती. पहिलं सिझर झालेल्या बाईला दुसऱ्या वेळी कळांची संधी न देताच टेबलावर घेतलं जाणं आता नेहमीचं झालं आहे.

'एकदा सिझर म्हणजे कायम सिझर' हे वाक्य 1916 साली न्यूयॉर्कच्या डॉ. एडविन क्रेगिन यांनी लिहिलं. तेव्हा छेद गर्भाशयाच्या वरच्या भागात उभा घेत आणि तो व्रण खरोखरच दगा देई. पहिलं सिझर विचार करून करा, असं त्यांना सांगायचं होतं. छेद बदलून अनेक दशकं लोटली, पण वाक्य तेवढं राहिलं, तेही अर्थ उलटा करून.

म्हणजे जी बाई घरी बाळंत होऊ म्हणते, तिला घर नव्हे तर नैसर्गिक बाळंतपण हवं असतं, असं मला अनेकदा दिसलं आहे. ते आम्ही रुग्णालयात देऊ शकतो. एकच आडवा छेद, दोन बाळंतपणांत दीड वर्षाहून अधिक अंतर, वार व्रणावर नाही, बाळ डोक्याकडून, रक्त पुरेसं. एवढं जुळलं तर तिला 'आपण कळांची वाट पाहू' असं लेखी आश्वासन द्यायला काय हरकत आहे? मात्र त्यासाठी दिवसरात्र भूलतज्ज्ञ लागतो, रक्तसाठा लागतो. दोन्ही जिथे नाहीत तिथली डॉक्टर धास्तीने आधीच सिझर करते किंवा पुढे पाठवते, आणि तिला दोष देता येत नाही.

शासनाची माहेरघर योजना नेमकी याचसाठी आहे. शेवटच्या दिवसांत बाईने आरोग्य केंद्राजवळ येऊन राहावं, सोबत घरचं माणूस आणि लहान मूलही असावं. पण सिझर झालेल्या बाईला प्राथमिक आरोग्य केंद्राचं माहेरघर पुरत नाही, कारण तिथे शस्त्रक्रिया होत नाही. तिच्यासाठी जिथे शस्त्रक्रिया होते त्या उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालयांच्या आवारात खोल्या हव्यात. तिथे चूल मांडता यावी आणि सुईण म्हणून जिच्यावर तिचा भरवसा आहे ती म्हातारी प्रसूतिकक्षात सोबत बसावी. प्रसूतीच्या वेळी सोबतीण असू द्यावी, हे केंद्र सरकारच्या 'लक्ष्य' कार्यक्रमातही आहे. दारावरच्या शिपायापर्यंत ते पोहोचायचं आहे.

एवढं करूनही ती नाहीच म्हणाली तर? तर तिचं नाव काटू नये. आठव्या महिन्यात एक सोनोग्राफी मात्र हट्टाने करून घ्यावी. वार जुन्या व्रणावर, खाली आलेली असेल तर घरचं बाळंतपण म्हणजे मरणाशी गाठ, आणि हे चित्र दाखवल्यावर बहुतेक घरं ऐकतात. रक्तगट कार्डावर लिहावा, रक्त देणारे दोन नातेवाईक आधीच ठरवावेत. गाडी कुणाची, रात्री फोन कुठे लागतो, नदी चढली तर कोणत्या वाटेने जायचं, हे आशाताईंनी घरच्यांसोबत बसून पक्कं करावं. सुईणीला टाळू नये, तिला सोबत घ्यावं. पोट दाबायचं नाही, हे तिला सांगावं. कळा वाढवण्याचं इंजेक्शन किंवा गोळी तर कुणाकडूनही घ्यायची नाही. गावोगाव फिरणारे काही जण ते सर्रास टोचतात आणि जुना व्रण फाटायला ते एक इंजेक्शन पुरतं. दोन कळांच्या मधेही दुखत राहिलं, अंगावरून रक्त गेलं, चक्कर आली, बाळ हलेना किंवा जोरात येणाऱ्या कळा एकदम थांबल्या, तर वाट न पाहता 108 ला फोन करून निघायचं. कळा थांबल्या म्हणून घरचे निश्चिंत होतात, तीच सगळ्यात वाईट वेळ असू शकते.

आणखी एक काम आमच्या हातातलं आहे, त्याला निधी लागत नाही. सिझर झालेल्या प्रत्येक बाईच्या डिस्चार्ज कार्डावर छेद कोणता घेतला, सिझर कशासाठी केलं आणि पुढच्या वेळी नैसर्गिक बाळंतपण शक्य आहे की नाही, या तीन ओळी मराठीत, वाचता येईल अशा अक्षरात लिहाव्यात. आज माझ्यासमोर येणाऱ्या बहुतेक कार्डांवर फक्त 'सिझर' एवढाच शब्द असतो, आणि पोटावरचा टाका आडवा दिसला तरी आतला छेद कसा होता हे त्यावरून सांगता येत नाही.