‘रोज चाला’ म्हणता, पण चालायचं कुठे डॉक्टर?



गेल्या महिन्यात एक मावशी दवाखान्यात आल्या. वय 62, अकरा वर्षांचा मधुमेह, दुखरे गुडघे आणि तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीएवनसी, 8.9. मी नेहमीचं वाक्य ऐकवलं, “मावशी, नुसत्या गोळ्या वाढवून भागणार नाही. रोज अर्धा तास चाललंच पाहिजे.”

त्या म्हणाल्या, “चालते की! मॉलमध्ये जाते. पण तिथे बसू देत नाहीत.”

सगळं विचारलं तेव्हा कळलं. फुटपाथवर मोटारसायकली लावलेल्या असतात. जवळच्या बागेला दुपारी कुलूप. म्हणून त्या शेजारणीला घेऊन मॉलमध्ये चालतात. गुडघा दुखला म्हणून एकदा पायरीवर टेकल्या, तर सिक्युरिटीवाला म्हणाला, “इथे बसायचं नाही, वर फूड कोर्टात बसा.” वर गेल्यावर कळलं, काही घेतल्याशिवाय तिथेही बसता येत नाही. मग दोघींत मिळून फ्रेंच फ्राइज आणि एक कोल्ड्रिंक घेतलं. साखर उतरवायला गेलेली बाई साखर वाढवून घरी आली!

खरं सांगतो, इतकी वर्षं मी अशा पेशंटना मनातल्या मनात ‘आळशी’ ठरवत आलो. ती माझी चूक होती.

चालणं हे औषधच आहे

चालताना स्नायू आकुंचन पावतात, तेव्हा ते इन्सुलिनच्या फारशा मदतीशिवायही रक्तातली साखर ओढून घेतात. म्हणून जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चाललात तरी जेवणानंतरची साखर कमी चढते. रक्तदाब, झोप, मन, सगळ्याला फायदा होतो. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम करायला सांगते.

औषध फुकट आहे. पण ते घ्यायला जागा लागते, आणि ती जागाच आपण विकून बसलो आहोत.

आकडे काय सांगतात?

केंद्र सरकारच्या नगररचनेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार शहरात माणशी 10 ते 12 चौरस मीटर मोकळी जागा हवी. मुंबईत ती जेमतेम एक-सव्वा चौरस मीटर आहे, म्हणजे एका सतरंजीपेक्षाही कमी.

ही वेळ आपोआप आलेली नाही. गिरणगावाचंच उदाहरण घ्या. 1982 च्या संपानंतर गिरण्या एकेक करून थंडावल्या. सुमारे 600 एकर जमीन, तीही शहराच्या मधोमध. 1991 च्या नियमानुसार गिरणीच्या जमिनीचा पुनर्विकास करताना साधारण एक तृतीयांश जागा महापालिकेला मैदानं-बागांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि उरलेली मालकाला मिळणार होती. 2001 मध्ये नियम बदलला. वाटणी फक्त आधीच मोकळ्या असलेल्या जमिनीची करायची, ज्यावर बांधकाम होतं ती जमीन त्यातून वगळायची, असं ठरलं. उच्च न्यायालयाने 2005 मध्ये हा अर्थ नाकारला, पण 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बदल कायम ठेवला. लोकांच्या वाट्याला येणारी मैदानं कागदावरच आक्रसली. आज त्या भागात मॉल आहेत, काचेच्या कचेऱ्या आहेत, उंच टॉवर आहेत. मैदानं मात्र शोधावी लागतात.

“पण डॉक्टर, मॉल किती छान असतो!”

हे मलाही मान्य आहे. तिथे गारवा आहे, स्वच्छ संडास आहेत, लख्ख उजेड आहे. मुलींना सुरक्षित वाटतं, पायाखाली खड्डा येत नाही. बाहेरच्या फुटपाथवर ठेचकाळून मनगट मोडून घेतलेले पेशंट पाहिल्यावर मॉलमध्ये चालणाऱ्यांना मी नावं कशी ठेवू?

पण ही यादी पुन्हा वाचा. संडास, उजेड, सपाट रस्ता, सुरक्षितता. यातली कुठली गोष्ट आपण महापालिकेकडे हक्काने मागू शकत नाही? कर आपण भरतो, आणि तीच सोय गिऱ्हाईक बनून विकत घेतो.

शिवाय मॉल सगळ्यांचा नसतो. ती खाजगी मालमत्ता आहे. कोणाला आत घ्यायचं, कोणी कुठे बसायचं, हे मालक ठरवतो. मळका शर्ट घातलेला हमाल तिथे अर्धा तास फेऱ्या मारू शकेल का? मधुमेह त्यालाही होतो. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसलेल्याला कोणी विचारत नाही, की “काय घेणार?” सार्वजनिक जागा म्हणजे हीच.

मॉल बंद करा असं मी म्हणत नाही. दुकानं दुकानांच्या जागी असू द्या. पण त्यांना मैदानाची जागा देऊन ‘विकास’ म्हणू नका. आणि पालिकेचं मैदान ‘देखभालीसाठी’ एखाद्या क्लबला देऊन त्याच्या दाराला कुलूप लावणं, हाही त्याच रोगाचा दुसरा प्रकार आहे.

आता काय करायचं?

तोवर शरीर थांबत नाही, म्हणून आधी हे करा.
• सलग अर्धा तास जमत नसेल तर तिन्ही जेवणांनंतर दहा-दहा मिनिटं चाला. गच्ची, सोसायटीचं आवार, इमारतीचा लांब पॅसेजही चालेल.
• इन्सुलिन किंवा साखर एकदम उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर खिशात साखर ठेवा.
• चालताना छातीत दुखलं, दम लागला तर लगेच थांबा आणि डॉक्टरांना भेटा.
• मॉलमध्ये चालत असाल तर पाण्याची बाटली घरून न्या. फूड कोर्ट हा व्यायामाचा भाग नाही!

आणि दुसरं प्रिस्क्रिप्शन सोसायटीसाठी. विकास आराखड्याचा मसुदा जाहीर झाला की त्यावर हरकती मागवतात. तेव्हा आपल्या वॉर्डातलं कुठलं मैदान, कुठली बाग आरक्षित आहे ते पाहा, आणि आरक्षण बदलत असेल तर लेखी हरकत नोंदवा. नगरसेवक मतं मागायला आले की तीन गोष्टी विचारा: फुटपाथ मोकळा कधी होणार, बाग दुपारी उघडी का नसते, तिथे बसायला बाकं किती आहेत?

मावशींची एक गोळी मी वाढवली. कारण त्या दिवशी माझ्या हातात तेवढंच होतं. पण चिठ्ठीवर ‘रोज अर्धा तास चाला’ लिहिताना पेन जरा अडखळलं. ते बाक मी लिहून देऊ शकत नाही. ते आपल्याला मिळून मागावं लागेल.