सिंक बटण मशीनमध्ये मिळतं, कान मिळत नाही



गेल्या महिन्यातली गोष्ट सांगतो. दुपारी साधारण तीनची वेळ, दुकानात गिऱ्हाईक नाही. एक वीस-एकवीस वर्षांचा मुलगा आला, सोबत त्याची आई. मुलाच्या हातात यादी होती: कंट्रोलर, दोन टॉप, दोन बेस, ॲम्प्लिफायर, चार पार लाइट. यादी अगदी बरोबर होती. बजेट दोन लाख. मी विचारलं, पैशांची सोय? आई म्हणाली, "बांगड्या ठेवायच्यात दादा, गोल्ड लोन करतोय."

मी दुकानदार आहे. साउंड विकणं आणि भाड्याने देणं हाच माझा धंदा. दोन लाखांचं बिल दुपारी तीन वाजता चालत आलं, तर कुणाला नको असतं? तरी मी त्या मुलाला डेमोच्या कंट्रोलरवर उभं केलं आणि म्हणालो, "सिंक बटणाला हात न लावता दोन गाणी जोडून दाखव."

त्याने तीनदा प्रयत्न केला. तिन्ही वेळा दोन्ही गाण्यांचे ठोके एकमेकांवर आदळले. मग तो म्हणाला, "पण सर, आता कोण हाताने करतं? सिंक असतंय की!"

त्या दिवशी मी त्याला काहीच विकलं नाही. आईने जाताना एकच विचारलं, "मग किती दिवसांनी येऊ?" आजचा लेख त्या प्रश्नाचं उत्तर आहे. डीजे व्हायचं नसेल तरी शेवटपर्यंत वाचा, कारण हे दुखणं सगळ्याच धंद्यात आहे.

बीटमॅचिंग म्हणजे नेमकं काय?

एक गाणं वाजतंय. ते संपायच्या आत दुसरं त्यात असं मिसळायचं की नाचणाऱ्याचा पाय थांबता कामा नये. त्यासाठी दोन गोष्टी जुळाव्या लागतात. एक, वेग, म्हणजे मिनिटाला किती ठोके पडतात ते. यालाच आपण बीपीएम म्हणतो. दुसरी, जागा. वेग सारखा असला तरी याचा ठोका त्याच्या ठोक्यावर बरोबर पडला पाहिजे. दोन माणसं सारख्याच वेगाने चालतात, पण एकाचा डावा पाय पडताना दुसऱ्याचा उजवा हवेत असेल, तर पावलं जुळली असं म्हणत नाहीत ना? तसंच.

आता जरा हिशोब बघा. एक गाणं १२० बीपीएमचं, दुसरं १२१ चं. फरक फक्त एकाचा. १२० ला प्रत्येक ठोका अर्ध्या सेकंदाने येतो. एका मिनिटात दुसरं गाणं पूर्ण एक ठोका पुढे जातं. अर्ध्या मिनिटात अर्धा ठोका, म्हणजे याच्या दोन ठोक्यांच्या बरोबर मध्ये त्याचा ठोका. ऐकायला घोडा पळाल्यासारखं वाटतं, टपाटप टपाटप. तुमचं मिक्स असतं वीस-तीस सेकंदांचं. म्हणजे एकाच्या फरकाने तेवढ्यात वाट लागते. नवशिक्याचा कान सुरुवातीला चार-पाचचा फरकसुद्धा पकडत नाही. तो कमी हुशार असतो असं नाही, त्याच्या कानाला ती सवयच नसते.

आणि सवयीला वेळ लागतो. भाकरी थापायचा व्हिडिओ दहा वेळा बघा. अकराव्या वेळी तुमची भाकरी फाटणारच. पिठाला पाणी किती लागतं हे हाताला कळावं लागतं. इथे ते कानाला कळावं लागतं.

"सिंक आहे ना!" याचं उत्तर

हा मुद्दा मी उडवून लावणार नाही, कारण त्यात तथ्य आहे. सिंक बटण चांगलं आहे. मी स्वतः कामावर वापरतो. सिंकवर धंदा करून चांगले पैसे कमावणारी पोरं माझ्या ओळखीची आहेत. हळदीत नाचणारा माणूस तुमच्या बोटांकडे बघत नाही, हेही खरं.

पण सिंक कशावर चालतं? सॉफ्टवेअर गाणं तपासतं, वेग ठरवतं आणि ठोक्यांच्या जागी रेघा मारतं. त्याला बीटग्रिड म्हणतात. रेघा बरोबर असतील तर सिंक बरोबर. कॉम्प्युटरवर बनवलेल्या आजच्या डान्स ट्रॅकवर त्या सहसा बरोबर पडतात. पण आपल्याकडे फर्माईश कशाची येते? जुन्या हिंदी गाण्याची. ते गाणं वादकांनी समोरासमोर बसून वाजवलेलं असतं, त्यामुळे वेग थोडा वरखाली होतो. मग येतं कोळीगीत. बऱ्याच कोळीगीतांचा ठेका सहाच्या अंगाने जातो, चारच्या नाही. सॉफ्टवेअर तिथे गोंधळतं. कधी ७० च्या गाण्याला १४० म्हणतं. रेघ चुकली की सिंक चुकीच्या जागी अगदी इमानदारीने जुळवून देतं.

माझ्यासोबत झालंय. २०१४ साल, बीबीए होऊन थोडेच दिवस झालेले, नवीन लॅपटॉप, नवीन कंट्रोलर आणि अंगात मस्ती. एका गावात हळद होती. रात्री दहाला आवाज बंद करावा लागतो, त्यामुळे शेवटचा अर्धा तास म्हणजे सोनं, सगळं गाव अंगणात. मी चालू ट्रॅकवर एक जुनं हिंदी गाणं सिंक लावून सोडलं. पाच-सहा सेकंदांत घोडा पळायला लागला. स्क्रीनवर दोन्ही आकडे सारखेच दिसत होते! मी आकड्यांकडे बघत बसलो. कुठलं गाणं पुढे चाललंय, कुठलं मागे पडलंय, हे कानाला कळतच नव्हतं. नवरीचे मामा स्टेजपाशी आले आणि म्हणाले, "ओ, मशीन बिघडलं का तुमचं?" मी म्हणालो, "हो." खोटं बोललो. मशीन ठीक होतं.

ठरले होते बारा हजार, हातात पडले नऊ. तीन हजारांचं दुःख आठवडाभर टिकलं. पण त्या गावातून पुढची दोन वर्षं एकही फोन आला नाही. त्याचा हिशोब कुठल्या वहीत लिहायचा?

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. सिंक वापरा, पण ते चुकल्यावर दहा सेकंदांत सावरता येत असेल तरच. ते येत नसेल तर तुम्ही मशीनच्या भरवशावर लोकांची सुपारी घेताय.

थोडं मागे जाऊन बघा. १९७० च्या आसपास न्यूयॉर्कच्या सँक्च्युअरी क्लबमध्ये फ्रान्सिस ग्रासो नावाचा डीजे रेकॉर्डवर बीटमॅच करायचा. समोर स्क्रीन नाही, आकडा नाही. टेक्निक्सचा एसएल-१२०० टर्नटेबल आला १९७२ मध्ये, आणि सरकत्या पिच फेडरचं त्याचं एमके-टू मॉडेल १९७९ मध्ये. तुमच्या कंट्रोलरवरची ती उभी पट्टी तिथूनच आलीय. ती कानाने चालवायची म्हणूनच बनवलेली आहे.

सराव कसा करायचा?

पहिले पंधरा दिवस: दोन्ही डेकवर एकच गाणं लावा. स्क्रीनवरचा बीपीएमचा आकडा कागद चिकटवून झाका. एका डेकचा पिच फेडर कुणालातरी हलवायला सांगा, आणि कानाने परत जुळवा. गाणं एकच असल्यामुळे जुळलं की नाही हे लगेच कळतं. हेडफोन एका कानावर ठेवा, दुसरा कान उघडा. उघड्या कानात वाजतं गाणं, हेडफोनमध्ये येणारं गाणं.

इथे सगळ्यात मोठी अडचण येते. चुकतंय हे कळतं, पण नवीन गाणं पुढे आहे की मागे हे कळत नाही. घाबरू नका. जॉग व्हीलला पुढे हलका धक्का द्या. सुधारलं तर ते मागे होतं. आणखी बिघडलं तर पुढे होतं, उलट धक्का द्या. परत परत त्याच दिशेने धक्का द्यावा लागत असेल, तर वेगच जुळलेला नाही. मग पिच फेडर थोडा सरकवा. बहुतेक मशीनवर फेडर आपल्याकडे ओढला की वेग वाढतो, हे लक्षात ठेवा.

पुढचा महिना: दोन वेगळी गाणी, पण वेगात एक-दोनचाच फरक असलेली. ते जमलं की चार-पाचचा फरक. सोबत मोजायला शिका. एक-दोन-तीन-चार, असे आठ वेळा, म्हणजे ३२ ठोके. डान्सच्या बहुतेक गाण्यांत बदल अशाच टप्प्यांवर येतो. नवीन गाणं तिथून सुरू केलं तर मिक्स आपोआप शहाणं वाटतं.

तिसरा महिना: जुनी गाणी, कोळीगीतं, फर्माईशी. खरी परीक्षा इथे.

रोज अर्धा तास. रविवारी एकदम चार तास नको. कान थकला की तुम्ही चुकीलाच बरोबर म्हणायला लागता. आणि प्रत्येक सराव रेकॉर्ड करा, पण दुसऱ्या दिवशी ऐका. त्याच दिवशी सगळं छानच वाटतं!

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात वाटेल की आपण आणखी वाईट झालोय. खरं तर तोवर कान तयार व्हायला लागलेला असतो, आधी ऐकूच न येणाऱ्या चुका आता ऐकू येतात. हात अजून मागे असतो. बरीच पोरं नेमकी इथेच सोडतात.

आता धंद्याचं गणित

सरावाला दोन लाख लागत नाहीत. मिक्सएक्सएक्स नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, साध्या लॅपटॉपवर चालतं. हेडफोनला वेगळा आवाज मिळावा म्हणून एक छोटं यूएसबी साउंड कार्ड घ्या. जमलं तर जुना दोन डेकचा कंट्रोलर. बस.

समजा तुम्ही आजच दोन लाखांचं कर्ज काढलं, १२ टक्क्यांनी, दोन वर्षांसाठी. हप्ता बसतो साधारण ९,४०० रुपये. पहिले चार महिने शिकण्यात गेले तर ३७,६०० रुपये फक्त शिकताना भरले, तेही कमाई नसताना. मग काय होतं? हप्त्याच्या भीतीने माणूस तयारी नसताना कामं घेतो, कमी भावात घेतो, तिथे घोडा पळतो, नाव जातं. डीजे धंद्यात बुडालेली जी पोरं मी पाहिली, त्यातली बरीचशी अशीच बुडाली. सेट चांगला होता. घाई नडली.

धीर धरायचा तर कर्जाच्या आधी धरा, तेव्हा तो फुकट असतो. कर्जानंतर त्याला महिन्याला ९,४०० रुपये पडतात.

आणि आपल्याकडे तर देवानेच सुट्टी दिलीय. आषाढी ते कार्तिकी लग्नाचे मुहूर्त जवळपास नसतात. ते चार महिने सरावाला घ्या. मध्ये गणपती येतात, तेव्हा कुणाच्या तरी टीममध्ये हेल्पर म्हणून जा. केबल ओढा, बॉक्स उचला, गर्दी कशी हलते ते बघा. तुळशीचं लग्न झालं की सीझन सुरू. तयार असाल तर तेव्हा सेट घ्या.

तयार आहात हे कसं ओळखायचं? साधी परीक्षा देतो. सिंक बंद, आकडे झाकलेले, सलग दहा मिक्स रेकॉर्ड करा. त्यात दोन जुनी गाणी हवीतच. दहापैकी आठ सरळ गेले, आणि उरलेले दोन तुम्ही चालू गाण्यातच सावरले, तर बिनधास्त माझ्याकडे या. मी स्वतः तुमचं कोटेशन बनवीन.

शेवटचं

तुम्ही डीजे नसाल. मेहंदीची कामं घेत असाल, केक बनवत असाल, फोटोग्राफी करत असाल. तुमच्या धंद्यातही एक सिंक बटण आहेच. तयार कोन, तयार प्रीमिक्स, ऑटो मोड. जरूर वापरा. पण ते फसलं तर पुढे काय करायचं हे तुमच्या हाताला माहीत आहे का, एवढं स्वतःला विचारा. गिऱ्हाईक आपल्याला पैसे देतं ते त्या वेळेसाठी.

तो मुलगा आता रोज दुपारी दोन ते अडीच दुकानात येतो, डेमो कंट्रोलरवर सराव करतो. चौथ्या आठवड्यात चार दिवस गायब होता. पाचव्या दिवशी आला, काही बोलला नाही, हेडफोन लावून उभा राहिला. काल त्याचे दहापैकी पाच बरोबर गेले. आठला अजून वेळ आहे. सेट तो माझ्याकडूनच घेईल की दुसरीकडून, ते मला माहीत नाही.

पण त्याच्या आईच्या बांगड्या आज तरी तिच्या हातात आहेत.

तुमच्या धंद्यातलं सिंक बटण कोणतं? कमेंटमध्ये नक्की लिहा, मी प्रत्येकाला उत्तर देतो. भेटू पुढच्या व्हिडिओत!